जी आणि सीच्या मधे

गिटारची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा जुडगा, धरणं अजिबात अवघड नाही. पुस्तकात चौकटी आणि ठिपके काढून दिलेले असतात. ठिपक्यावर बोट ठेवायचं आणि दाबायचं. निवांत वेळ मिळाला तर सी नावाची कॉर्ड कोणीही धरेल: अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी, मधलं बोट चौथीवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी दुसरीवर पहिल्या फ्रेटला. तार छेडली की असा झंकार निघतो की वाटतं, उगाच आपण आयुष्य बँकेत घालवलं. भानगड सुरू होते ती पुढची कॉर्ड आली की. आणि गाणं म्हटलं की ती येतेच.

जीवरून सीवर जायचं म्हणजे एकत्र कुटुंबानं लग्नाला निघायचं. तर्जनी केव्हाची नटूनथटून दारात उभी. मधलं बोट निघालंय खरं, पण भलत्याच तारेवर जाऊन थांबलंय. अनामिकेला पहिल्या तारेवरून थेट पाचवीवर जायचंय, ती अजून चपला शोधतेय. आणि करंगळी, जिला या कॉर्डमध्ये काडीचं काम नाही, ती सगळ्यांच्या पुढे हवेत ताठ! मंडळी जमेपर्यंत तिकडे मुहूर्त टळलेला.

आमच्याकडे बायको गाते. तिचा सूर पक्का आहे, त्यामुळे पंचाईत जास्त. परवा एका ओळीच्या शेवटी तिनं ‘आ’ धरला, धरला, आणि मग श्वास सोडून म्हणाली, “अहो, तुमचा सी येतोय, की मी कणीक मळायला घेऊ?”

आमचे सर पंचविशीतले. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर. त्यांनी मोबाइलवर मेट्रोनोम साठवर लावून दिला. मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सेकंदाला एक. चार ठोके जी, चार ठोके सी. सेकंद एवढासा असतो हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

मग सरांनी एक सोपी वाट दाखवली. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतच नाही, एकटी अनामिका उठते आणि पाचव्या तारेवर जाते. हा चेंज मला येतो. इतका येतो की आल्यागेल्याला मी तोच ऐकवतो. पाहुणे हल्ली चहा बशीत ओतून पितात, लवकर संपतो म्हणून.

दुसरी युक्ती जरा वरच्या दर्जाची आहे. “काका, डावा हात पोचो न पोचो, उजवा थांबवायचा नाही. चांगले वाजवणारेसुद्धा चेंजच्या आधी शेवटच्या स्ट्रोकला बोटं उचलतात. मोकळ्या तारा वाजतात, कोणाच्या लक्षातही येत नाही.” मी तसं केलं. मोकळ्या तारा एवढा वेळ वाजल्या की आतून आवाज आला, “अजून ट्यूनिंगच चाललंय का?”

स्टीलच्या तारांनी बोटांच्या टोकांवर आधी चरे पाडले, मग घट्टे. मोबाइल आता माझा अंगठा ओळखतो, डाव्या तर्जनीला मात्र परकी समजतो. इतकं सोसूनही जी ते सी हे अंतर काही कमी होईना, तेव्हा सरांनी जँगो राईनहार्ट या जॅझ गिटारवादकाची गोष्ट सांगितली. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्यानं असे सोलो वाजवले की जॅझवाले अजून कानाला हात लावतात. सरांना माझा धीर वाढवायचा होता. माझी अडचण नेमकी उलटी आहे हे त्यांना कोण सांगणार? माझी चारही बोटं शाबूत आहेत आणि चौघांची मतं चार.

आता पुढच्या आठवड्यात एफ आहे म्हणे. त्यात तर्जनी आडवी टाकून सहाच्या सहा तारा एकटीनं दाबायच्या आणि बाकीच्या बोटांनी आपापली कामं करायची. मी बाजारात जाऊन गुपचूप कॅपो घेऊन आलो. पाचव्या फ्रेटवर तो चिमटा लावला की सीचाच आकार धरायचा, ऐकू येतो एफ. सरांना अजून बोललो नाहीये. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, “पण सीवर तरी वेळेत पोचाल ना?”