लम्पी दुधातून माणसाला होतो, हे खरे नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बोटांवर गाठी आलेल्या हाताचा एक फोटो फिरतो आहे. ‘लम्पी आता माणसांनाही होतो, तो दुधातून पसरतो, गवळ्याचा रतीब ताबडतोब बंद करा’ असे त्याखाली लिहिलेले आहे. रतीब तुटला की झळ थेट गोठ्याला बसते, म्हणून या मजकुराचा समाचार घेणे भाग आहे.

पहिले विधान निखालस चुकीचे आहे. लम्पी हा जनावरांच्या अंगावर गाठी आणणारा त्वचारोग; त्याचा विषाणू शेळ्यामेंढ्यांच्या देवी रोगाच्या विषाणूंचा जवळचा नातलग असून तो मुख्यतः गायींना आणि काही प्रमाणात म्हशींना ग्रासतो. 1929 मध्ये आजच्या झांबियात या रोगाची पहिली नोंद झाली आणि 2022 च्या साथीत तर महाराष्ट्रात गावोगावी पशुपालकांनी आजारी जनावरांची उघड्या हातांनी शुश्रूषा केली, तरीही हा रोग जनावरांकडून माणसाला होणाऱ्या रोगांत गणला जात नाही. जनावरांत तो प्रामुख्याने चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो.

दुधाविषयी इतकेच की, ते नीट उकळल्यावर हा विषाणू टिकत नाही.

फोटो मात्र नुसता झटकून टाकता येत नाही, कारण धार काढणाऱ्यांच्या हातांवर अशा गाठी खरोखर येतात. फक्त त्यांचे विषाणू निराळे असतात. म्हशींना होणारी देवी हा त्यांतला ठळक रोग, आणि 2009 मध्ये कोल्हापूर-सोलापूर भागात तो माणसांतही आढळला होता. म्हशीच्या सडांवर आणि कासेवर फोड येतात; धार काढताना त्यांतला द्रव हाताच्या एखाद्या चिरेत गेला की काही दिवसांत तिथे तांबूस, टणक फोड उठतो, मध्ये खोलगट होतो आणि काळपट खपली धरतो. कधी ताप येतो, काखेत अवधाण येते. माणसांना देवीची लस देणे थांबल्यानंतर जन्मलेल्या पिढीला त्या लसीमुळे या रोगापासूनही मिळणारे संरक्षण नाही. गायींच्या सडांवरून लागणारा याहून सौम्य असा आणखी एक विषाणू आहे.

तेव्हा काळजी घ्यायची ती धार काढणाऱ्याची. सडांवर फोड दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे, त्या जनावराची धार सर्वांत शेवटी आणि हातमोजे घालून काढावी, नंतर हात साबणाने धुवावेत. हातावर गाठ आलीच तर डॉक्टरांना आपण धार काढतो हे आवर्जून सांगावे, कारण हा विषाणू असल्याने त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. जखम चिघळली तरच त्याची गरज पडते, एरवी ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरते.