ब्रॅडफर्ड, मटकी आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मोड आलेल्या मटकीच्या अर्कातली प्रथिनं मोजायला मी माझ्या पोस्टमध्ये ब्रॅडफर्ड पद्धत (प्रथिनाला रंग चिकटवून निळेपणावरून मोजणं) सुचवली ती जुनाट आहे, लोरी ही दुसरी पद्धत जास्त भरवशाची, नमुना २८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतो याचं थेट रीडिंग घेतलं तर मिनिटाचं काम, आणि माझ्या स्टँडर्ड कर्व्हची (माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेल्या आलेखाची) सरळ रेषा ही पोरांची दिशाभूल आहे.

शेवटचं आधी, कारण तिथे चूक माझीच. ब्रॅडफर्डची रेषा वर जाताना वाकतेच. प्रथिनाला चिकटलेला कुमासी, म्हणजे ब्रॅडफर्डचा रंग, ५९५ नॅनोमीटरला शोषण दाखवतो, मोकळा ४६५ च्या आसपास, पण दोघांची शोषणं एकमेकांत मिसळतात आणि प्रथिन वाढेल तसा मोकळा रंग कमी होत जातो. मी वरचे दोन बिंदू पट्टीने 'बसवले' होते. पोस्ट दुरुस्त केली आहे. ५९० आणि ४५० च्या रीडिंगचं गुणोत्तर घेतलं की रेषा बरीच सरळ येते, तेही तिथे घातलंय.

जुनाटपणाचं मात्र पटलं नाही. ब्रॅडफर्ड १९७६ ची, लोरी १९५१ ची! वय सोडा, आमच्या अर्काच्या बफरमध्ये (अर्क ज्यात काढतो त्या द्रावणात) ईडीटीए आणि मरकॅप्टोइथेनॉल ही रसायनं असतात. लोरी तांब्यावर चालते; ईडीटीए ते तांबं धरून ठेवतं आणि मरकॅप्टोइथेनॉल प्रथिन नसतानाही रंग आणतं. बीसीए या तांब्यावरच्याच आणखी एका पद्धतीचंही तेच दुखणं. ब्रॅडफर्डला या दोघांचं फारसं काही वाटत नाही. तिचं वैर साबणाशी. एकदा माझ्या बॅचमध्ये ब्लँकच, म्हणजे प्रथिन नसलेला नमुनाच, निळा झाला. बफर बदलला, रंग नवा केला, तरी निळाच. शेवटी कळलं, क्युव्हेट (रीडिंगसाठी नमुना भरायच्या छोट्या पारदर्शक नळ्या) भांड्याच्या साबणाने धुऊन नीट खंगाळलेच नव्हते.

२८० ची पद्धत शुद्ध प्रथिनासाठी उत्तमच, नमुनाही वाया जात नाही. पण तिथे दिसतात ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही प्रथिनातली अमिनो आम्लं, आणि त्यांच्यासोबत न्यूक्लिक आम्लं नि वनस्पतींतली फिनॉलिक द्रव्यंही. मटकी वाटून गाळलेल्या पाण्यात हे सगळंच असतं. आम्ही करून पाहिलं: आकडा ब्रॅडफर्डच्या कितीतरी पट आला. शिवाय त्याला क्वार्ट्झचे क्युव्हेट लागतात. आमच्याकडे जोडी एक, मुलं वीस.

खरं तर ब्रॅडफर्डला धरायचं तर तुम्ही बीएसएवरून (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, ज्यावरून मी स्टँडर्ड कर्व्ह काढला) धरायला हवं होतं. ब्रॅडफर्डचा रंग आर्जिनिन या अमिनो आम्लाला जास्त चिकटतो, लायसिन-हिस्टिडिनला कमी, म्हणून प्रत्येक प्रथिन तेवढंच निळं होत नाही. बीएसए फारच निळं होतं, तेवढ्याच गॅमा ग्लोब्युलिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे बीएसएच्या रेषेवर वाचलेला मटकीचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी. मी मात्र बिनधास्त 'मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर' लिहून मोकळा झालो होतो! आता पोस्टमध्ये 'बीएसएच्या तुलनेत' असं जोडलंय. ज्या मुलांनी जुना तक्ता जर्नलमध्ये उतरवला, त्यांनी तेवढे दोन शब्द पेनाने वाढवावेत. गॅमा ग्लोब्युलिन मागवलंय. आलं की त्याच अर्काचे दोन्ही आकडे शेजारीशेजारी टाकतो.