पीस लिली तीन आठवड्यांत कुजली, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एकच स्टार बघून आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण मुळांचा फोटो बघितल्यावर वाद घालायला तोंड उरलं नाही.

क्ले बॉलमधली, म्हणजे मातीऐवजी भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत लावलेली पीस लिली तीन आठवड्यांत कुजली, गोळ्यांवर पांढरी बुरशी आली आणि फोन केल्यावर ‘पाणी जास्त घातलं असेल’ असं तुम्हालाच ऐकवलं, ही तुमची तक्रार. शेवटच्या गोष्टीबद्दल आधी माफी. पाणी जास्त झालं नव्हतं, घाई आमची झाली.

मातीत वाढलेलं झाड धुऊन गोळ्यांत लावलं की जुनी मुळं पाण्यात तग धरत नाहीत. त्यातली बरीच सडतात, मग पांढरी, जाडसर नवी मुळं फुटतात आणि त्यांच्यावर झाड उभं राहतं. याला काही आठवडे लागतात. हे सगळं नर्सरीतच व्हायला हवं होतं. तुमचं झाड गोळ्यांत लावून जेमतेम आठ दिवस झाले होते. गोळ्यांचा प्रयोग आमच्याकडे यंदाच सुरू झालाय, मनी प्लांट आणि सिंगोनियम पटकन रुळले म्हणून पीस लिलीही रुळेल असं धरून चाललो. वर कुंडीवर ‘कधीच मरत नाही’ची चिठ्ठी! ती काढून टाकली आहे.

पांढरा थर मात्र बहुतेक बुरशी नाही. नखाने खरवडून बघा, खडूसारखी भुकटी निघेल. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना? गोळ्या पाणी वर ओढतात, ते उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बादलीला बसतो तसलाच थर. महिन्यातून एकदा वरून भरपूर साधं पाणी ओतून ते पूर्ण काढून टाका. एरवी पाणी कुंडीच्या तळाच्या पाव भागापुरतंच.

सोबत दिलेली १९:१९:१९ खताची पुडी वापरू नका, तीही आमचीच चूक. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाचा असतो. मातीतले जिवाणू तो झाडाला घेता येईल असा करून देतात, धुतलेल्या गोळ्यांत ते फारसे नसतात. म्हणून नायट्रेटवालं हायड्रोपोनिक, म्हणजे मातीविना वाढणाऱ्या झाडांचं खत आणून ठेवलं आहे.

गोळ्या टाकू नका, उकळून पुन्हा वापरता येतात. कुंडी घेऊन या, नव्या मुळांवर आलेलं झाड बदलून देतो, किंवा पूर्ण पैसे परत. यायला जमत नसेल तर मुलाला घरी पाठवतो. आणि त्या दिवशी फोनवर मीच होतो.