मीटर फिरवलेली सिटी, पुरात बुडालेली एसएक्सफोर

दोन महिने झाले, जुनी सेडान घेतो म्हणून हिंडतोय. डोकं फिरायची वेळ आलीय! होंडा सिटी की मारुती एसएक्सफोर, एवढाच प्रश्न. ज्याला विचारावं तो सांगतो, सिटीचं इंजिन लोण्यासारखं, एसएक्सफोर उंच, खाली घासत नाही. अहो, माहीत आहे मला! सिटी आमच्या गावच्या हंपवर पोट घासते, एसएक्सफोर 2014 सालीच बंद झाली, बॉडीचे पार्ट शोधत फिरावं लागतं. पण समोरची गाडी खरी असेल तर तुलना करू ना.

सिटी बेळगावातली, केए-22, 2012 ची. मीटरवर 58 हजार. क्लचचं पॅडल बघितलं तर रबर झिजून गुळगुळीत, कडेला लोखंड दिसतंय. स्टेअरिंगचं कातडं सोललेलं. 58 हजारांत एवढं झिजतं होय? सर्व्हिसचं पुस्तक मागितलं, तर म्हणे हरवलं. सगळ्यांचीच पुस्तकं कशी हरवतात?

एसएक्सफोर कोल्हापूरची, 40 हजारांनी स्वस्त. निपाणी ओलांडून गेलो. बाहेरून चकाचक. सीटबेल्ट पूर्ण ओढला आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ! सीटखालची पट्टी गंजून लाल. 2019 च्या पुराचंच पाणी, दुसरं काय? चिकोडी भागातली माणसं आम्ही, घरात शिरलेला तो गाळ हातानं उपसलाय. आणि गाडी दाखवणारा एजंट मला सांगतो, "पावसात काच उघडी राहिली असेल ओ." बुडालेल्या गाडीचं वायरिंग आतून सडतं, कधी दगा देईल नेम नाही. बायकापोरं गाडीत असताना चोर्ला घाटात, भर पावसात हेडलाइट गेले तर हा येणार आहे का?

आणि 40 हजार तरी कुठं वाचतात? एमएचची गाडी इकडं नावावर करायची म्हणजे तिकडची एनओसी, मग कर्नाटकाचा रोड टॅक्स नव्यानं, तिकडं भरलेला परत मागायला शंभरेक किलोमीटरच्या फेऱ्या. सीमेवर धंदा करणाऱ्या एजंटाला हे ठाऊक नसतं? एकानं तोंड उघडलं नाही.

काल त्याच एजंटाचा परत फोन. "साहेब, अजून पाच हजार कमी करतो." गाळाबद्दल एक शब्द नाही. तसाच फोन ठेवला.