‘बाकीचे पोलीस पळाले’ हे धादांत खोटे आहे

दर वर्षी 26 नोव्हेंबर, म्हणजे 2008 च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याचा दिवस, जवळ आला की सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या छायाचित्राखाली एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : गिरगाव चौपाटीवर बाकीचे पोलीस पळून गेले, हातात केवळ लाठी असलेल्या एकट्या हवालदार ओंबळेंनी चाळीस गोळ्या झेलून दहशतवादी कसाबला पकडले आणि सरकारने त्यांना साधे पदकही दिले नाही. या वर्षी तो माझ्या मामांकडे आला. मामा मुंबई पोलिसांतून निवृत्त झाले आहेत. बारीक अक्षरे दिसत नाहीत म्हणून त्यांनी तो मला वाचायला सांगितला आणि ‘पळून गेले’ या शब्दांशी आल्यावर हात वर करून मला थांबवले. ‘‘नाकाबंदीत शेजारी कोण उभा आहे, यावर आपला जीव असतो,’’ एवढेच ते बोलले.

त्या रात्री काय घडले, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात साक्षीपुराव्यांसह नोंदवलेले आहे आणि तो निकाल कोणालाही वाचता येतो. मध्यरात्र उलटून गेली होती. कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल ज्या स्कोडा गाडीत होते, ती चौपाटीवरच्या नाकाबंदीपासून थोड्या अंतरावर थांबली. दिवे बंद करण्यास सांगितल्यावर चालकाने काचेवर पाणी उडवून वायपर सुरू केले, जेणेकरून आतले काही दिसू नये. मग गाडी वळवण्याच्या प्रयत्नात ती दुभाजकावर अडकली. पोलिसांनी तिला घेरले, ते पळाले नाहीत. चालकाच्या जागेवर बसलेल्या अबू इस्माईलने गोळीबार केला, त्याला पोलीस अधिकारी भास्कर कदम यांनी गोळीनेच उत्तर दिले आणि इस्माईल मारला गेला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर पडला, तेव्हा ओंबळे आणि त्यांचे सहकारी संजय गोविलकर त्याच्यावर धावून गेले. ओंबळे यांनी रायफल धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि ते कोसळले. गोविलकरही गोळी लागून जखमी झाले. उरलेल्यांनी लाठ्यांनी कसाबला झोडपून जिवंत ताब्यात घेतले. पुढे खटला उभा राहिला तेव्हा सरकार पक्षाचे पहिले साक्षीदार हेच कदम होते. ज्या माणसांनी ओंबळे यांच्या खांद्याला खांदा लावून ती गाडी अडवली, त्यांना पळपुटे ठरवून ओंबळे यांना मोठे करता येत नाही, आणि त्याची त्यांना गरजही नाही.

ओंबळे यांच्या हातात केवळ लाठी होती, हे मजकुरातले विधान मात्र खरे आहे, आणि एके-47 समोर पोलिसाला लाठी घेऊन उभे राहावे लागले याचा राग येणेही रास्तच आहे. पण तो राग शस्त्रे पुरवणाऱ्या व्यवस्थेवर काढावा, शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यांवर नव्हे.

गोळ्यांच्या आकड्याबद्दल फार लिहीत नाही. तो कधी तेवीस असतो, कधी चाळीस. ओंबळे हवालदार नव्हते, सहायक फौजदार म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते, आणि त्याआधी त्यांनी सैन्यात नोकरी केली होती. पदकाचे म्हणाल तर 26 जानेवारी 2009 रोजी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले, जो शांतताकाळातील शौर्याचा देशातील सर्वोच्च सन्मान आहे. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. 2021 मध्ये कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ‘आयसिअस तुकारामी’ असे नाव दिले.

एवढे मात्र नाइलाजाने कबूल करतो की, जावळी तालुक्यातील केडंबे या त्यांच्या गावी स्मारक उभारण्यासाठी राज्य सरकारने निधी मंजूर करायला 2025 उजाडले. हा उशीर लाजिरवाणा आहे आणि त्याबद्दल कोणी लिहिले तर मी तो मजकूर स्वतः पुढे पाठवीन. सध्या, ज्यांनी मामांना तो संदेश पाठवला, त्यांना मी निकालातील चौपाटीचा भाग पाठवला आहे आणि ‘पळून गेले’ हे शब्द मागे घ्यावेत अशी विनंती केली आहे.