आकडा सारखा येणं पुरेसं नाही
अल्गोमीटरवर, म्हणजे किती दाबाला दुखायला लागतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, दोनदा सारखा आकडा आला की मोजमाप अचूक, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मानदुखीच्या पेशंटसाठी हे यंत्र नेहमी वापरते. १ चौरस सेंटिमीटरचं रबरी टोक खांद्याच्या स्नायूवर टेकवून दाब हळूहळू, सेकंदाला साधारण १ किलो या गतीने वाढवायचा आणि 'आता दुखायला लागलं' म्हटल्याबरोबर थांबायचं. घाईत दाबलं तर आकडा फुगतो, कारण पेशंट बोलेपर्यंत दाब पुढे गेलेला असतो. दोन्ही वेळा तशीच घाई झाली, तर चुकीचाच आकडा सारखा येईल. दाबायची गती प्रत्येकाची वेगळी असते, म्हणूनच शक्यतो दर वेळी त्याच थेरपिस्टने मोजावं. शिवाय हा आकडा फक्त त्या जागी किती दाबाला दुखायला लागतं एवढंच सांगतो. दुखण्यामुळे रात्री झोप लागते की नाही, हे पेशंटला विचारायलाच हवं!