नावात काय आहे म्हणे

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर काकांचा गुड मॉर्निंग. लाल गुलाबाचा फोटो, त्यावर 'नावात काय आहे? – शेक्सपियर'. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अहो, ते शेक्सपियरचं मत नाहीये, ते ज्युलिएट बोलते! चौदाही पूर्ण नसलेली पोरगी, रात्री वर खिडकीत उभी, खाली बागेत रोमिओ ऐकतोय हे तिला माहीतही नाही, आणि ती एकटीच जीव तोडून म्हणतेय की ते माँटेग्यू नाव, आमच्या वैऱ्यांचं आडनाव, टाक ना रे, गुलाबाला दुसरं काही म्हटलं तरी वास तोच येणार ना. म्हणजे तिला पक्कं माहितीये, सगळं नावावरच अडणार.

ताईचं असंच झालं. मी नववीत होते. तिनं बाबांना त्याच्याबद्दल सांगितलं, शिक्षण काय, नोकरी काय, बाबा नीट ऐकत होते आणि शेजारी बसलेल्या काकांनी एकच विचारलं, "आडनाव काय त्याचं?" तिनं सांगितलं. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. झालं. त्या मुलाला घरातल्या कुणी पाहिलंसुद्धा नाही.

तिकडे नाटकात ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट तर रोमिओला नुसत्या आवाजावरून ओळखतो, हा माँटेग्यू, की लगेच तलवार आणायला पाठवतो. पुढे त्याच टिबॉल्टला मारून बसल्यावर रोमिओ फ्रायरला, म्हणजे ख्रिस्ती साधूला, विचारतो, या शरीरात माझं नाव राहतं तरी कुठं ते सांगा, आणि ती जागाच उद्ध्वस्त करायला खंजीर उपसतो. ही ओळ कुणी गुलाबावर छापत नाही. मला ती वाचली की ताई दिसते, सिंककडे तोंड करून तोच कप धुणारी.

मान्य, गाजलेली वाक्यं अशीच नाटकातून सुटतात, लोक कुठंही वापरतात, काकांनी नाटक वाचलेलं नसणार. पण वाचायला कशाला हवं, त्या दिवशी ते तिथंच होते ना!

काका वाईट नाहीत हो. ताई आजारी होती तेव्हा या वयात रोज डबा घेऊन जायचे. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेटसुद्धा मेजवानीत रोमिओला चांगला मुलगा म्हणतो, टिबॉल्टला दटावून गप्प बसवतो. म्हणूनच जास्त त्रास होतो.

ग्रुपवर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. ताईपण आहे त्या ग्रुपवर. गुलाबाखाली सगळ्यांचे जोडलेले हात आणि फुलं आलीयत. तिचं काहीच नाही.